संगणक वाढवण्याची रीत



आपल्याकडे दुकानदार रात्री दुकान बंद करतो असे जुनी माणसे म्हणत नाहीत. तो दुकान वाढवतो. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणायचे. या बोलण्यात शुभाशुभाची भीती आहे हे खरे, पण दुकान वाढवणे या शब्दात त्याहून अधिकही काही आहे. दुकान वाढवणे म्हणजे नुसते दार ओढून घेणे नव्हे. गल्ला मोजायचा, उधारीची नोंद वहीत घ्यायची, बाहेरची पोती आत आणायची, तराजू उतरवून ठेवायचा आणि मग कुलूप लावायचे. भर बाजारात कुणी दुकानदाराला हाताला धरून बाहेर ओढले आणि दार लावून घेतले, तर त्याला आपण दुकान वाढवले असे म्हणू का?

संगणकाचे नेमके असेच आहे. तो बटण दाबून सुरू होतो, पण बटण दाबून किंवा वायर उपसून बंद करायचा नसतो. तो वाढवायचा असतो. जुन्या संगणकांवर बसवल्या जाणाऱ्या हलक्या लिनक्समध्ये मात्र पुष्कळदा अशी गंमत होते, की पडद्यावर संगणक वाढवण्याची सोयच दिसत नाही. ती का नसते आणि आपली आपण कशी बसवावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय यंत्राचा असला तरी अवघड नाही. ज्या गुरुजींना हजेरीपत्रकाची बेरीज जमते आणि ज्या शेतकऱ्याला मोटारीचा स्टार्टर समजतो, त्यांना हे समजायला काहीच हरकत नाही.

प्रथम हे पाहू, की जुन्या संगणकाचा विचार आजच का करायचा. विंडोज एक्सपी या प्रणालीची देखभाल तिच्या कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. विंडोज दहाची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. देखभाल थांबली म्हणजे यंत्र मोडले असे नव्हे. पण नवी भोके बुजवणारा कुणी राहिला नाही. नव्या विंडोजला जे भारी यंत्र लागते, ते अर्धापूरच्या परिसरातल्या प्रत्येक शाळेला, वाचनालयाला किंवा केळीच्या हिशेबासाठी घरात एक संगणक ठेवणाऱ्या बागायतदाराला परवडेलच असे नाही. एक किंवा दोन गिगाबाइट स्मृतीचा, दहा-पंधरा वर्षांचा संगणक कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. तो मोडीत घालण्याऐवजी त्यावर लिनक्स घालता येते, आणि ते फुकट मिळते.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला आणि सर्वांना खुला केला. आपल्या देशात पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीतून ऐकायला मिळतात. शिक्षकांनी ते अवश्य ऐकावेत. लिनक्सविषयी आज इतकेच पुरे.

आता हलके लिनक्स म्हणजे काय? आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक विक्रेता आपापले पाल मांडतो. पण कोणी कुठे बसायचे, कोणाचे पाल पुढे, कोणाचे मागे, दोघांच्या मध्ये वाट किती सोडायची, हे पाहणारा एक माणूस लागतो. तो भाजी विकत नाही, वजन करत नाही, रस्त्यावरचे दिवेही लावत नाही. जागा लावून देणे एवढेच त्याचे काम. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक कार्यक्रम एकेका चौकटीत उघडतो, आणि त्या चौकटींची जागा लावून देणाऱ्या कार्यक्रमाला विंडो मॅनेजर म्हणतात. आपण त्याला खिडकी-कारभारी म्हणू.

मोठ्या, भरभक्कम प्रणालीत या कारभाऱ्याबरोबर सगळा लवाजमा असतो: खाली पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, आवाजाचा कर्णा, बॅटरीचे चित्र, आणि बंद करण्याचे बटणही. हा लवाजमा स्मृती खातो. जुन्या यंत्राला तो झेपत नाही, म्हणून जाणकार लोक सगळा लवाजमा काढून नुसता कारभारी ठेवतात. ओपनबॉक्स, फ्लक्सबॉक्स, आइसडब्ल्यूएम, जेडब्ल्यूएम ही अशा हलक्या कारभाऱ्यांची नावे. मरतुकडे वाटणारे यंत्र त्यांच्यामुळे पुन्हा चालू लागते. पण लवाजम्याबरोबर ते बटणही गेलेले असते.

यात कारभारी लिहिणाऱ्यांची चूक नाही. त्यांचे म्हणणे असे, की पाल लावून देणाऱ्याने गावाची वीज तोडू नये. ते त्याचे कामच नव्हे. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पण तत्त्व गुरुजींच्या कामाला येत नाही. ओपनबॉक्स उघडला की समोर मोकळा पडदा दिसतो. मोकळ्या जागेवर माउसचे उजवे बटण दाबले की एक यादी उघडते. तिच्या तळाशी बहुधा एक इंग्रजी शब्द असतो, त्याचा अर्थ बाहेर पडा. तो दाबला की पडद्यावरचे सगळे जाते आणि पुन्हा नाव व परवलीचा शब्द विचारणारी पाटी येते, किंवा नुसता काळा पडदा येतो. यंत्राचा पंखा मात्र घरघरतच असतो. शाळा सुटायची वेळ झालेली, शिपाई किल्ली घेऊन दारात उभा. मग काय, जातो हात भिंतीवरच्या बटणाकडे.

या एका हिसक्याने काय होते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण खरे नुकसान तिथेच आहे.

आपण फाईल जतन केली, पडद्यावर जतन झाले असे आले, तरी ती त्याच क्षणी चकतीवर गेलेली असते असे नाही. चकतीवर लिहिणे हे संगणकाच्या मानाने फार संथ काम. म्हणून तो लिहिण्याचा मजकूर आधी स्मृतीत साठवतो आणि सवडीने, एकगठ्ठा, चकतीवर उतरवतो. लिनक्समध्ये साधारणपणे ३० सेकंदांपर्यंत मजकूर असा वाटेत असू शकतो. आडत दुकानातला मुनीम दिवसभर चिठ्ठ्यांवर आकडे टिपतो आणि हात मोकळा झाला की वहीत चढवतो, तसेच हे. वीज गेली की स्मृती कोरी होते. चिठ्ठ्या वाऱ्यावर उडून गेल्या आणि वहीत नोंद नाही, अशी स्थिती.

याहून वाईट म्हणजे अर्धवट नोंद. खतावणीत एका खात्यातून रक्कम वजा केली, आणि दुसऱ्या खात्यात जमा करण्याआधीच मुनिमाला झटका आला असे समजा. आता वही स्वतःशीच भांडते. याला उपाय म्हणून आपल्या व्यापाऱ्यांनी फार पूर्वीच कीर्द आणि खतावणी अशी दोन पुस्तके ठेवली. व्यवहार आधी कीर्दीत, मग खतावणीत. खतावणीत गोंधळ झाला तर कीर्द पाहून दुरुस्त करता येते. लिनक्सच्या चकतीवरही नेमकी अशीच कीर्द असते; इंग्रजीतही तिला त्याच अर्थाचा जर्नल हा शब्द आहे. ईएक्सटी-तीन आणि ईएक्सटी-चार या नावांच्या मांडणीत ती असते. त्यामुळे वीज जाऊन पुन्हा आल्यावर संगणक आपली कीर्द वाचतो, अपुरे व्यवहार पुरे करतो किंवा खोडतो, आणि बहुतेक वेळा सुखरूप उभा राहतो.

म्हणून काही मंडळी म्हणतात, मग बिघडले कुठे? ओढा वायर! येथेच फसगत आहे. नेहमीच्या मांडणीत ही कीर्द फक्त कोणती फाईल कुठे ठेवली आहे याची नोंद ठेवते. फाईलीच्या आतला मजकूर ती ठेवत नाही. म्हणजे खात्याचे पान शाबूत राहील, पण पानावर कालचाच आकडा असेल, किंवा पान कोरे असेल. दहावीच्या वर्गाचे अंतर्गत गुण चढवून गुरुजी उठले, हिसका दिला, आणि सकाळी फाईल उघडली तर शेवटच्या तुकडीचे गुण गायब. संगणक मात्र ठणठणीत सुरू होतो. तक्रार कोणाकडे करणार? पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डावर चालणाऱ्या लहान यंत्रांची गत याहून नाजूक असते. लिहिता लिहिता वीज गेली तर कधी कधी सबंध कार्डच वाचता येईनासे होते.

रीतसर वाढवताना संगणक काय करतो ते आता ऐका. प्रथम तो चालू असलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला निरोप पाठवतो, की आवरा. शहाणा कार्यक्रम निरोप मिळताच हातातले काम ठेवून उठतो. जो उठत नाही त्याच्यासाठी काही वेळ थांबतो. हल्लीच्या बहुतेक लिनक्समध्ये ही सवलत ९० सेकंदांपर्यंत असते. पडद्यावर आकडे मोजले जाताना दिसले तर घाबरून वायर ओढू नका, तो कुणा एका आळशाची वाट पाहत आहे एवढेच. मुदत संपली की मग दुसरा निरोप जातो, आणि तो नाकारण्याची सोय कुणालाच नसते. सगळे उठल्यावर स्मृतीतला राहिलेला मजकूर चकतीवर उतरतो, चकतीचे कप्पे मिटतात, आणि शेवटी संगणक स्वतःच स्वतःची वीज तोडतो.

ही शेवटची गोष्ट फार जुनी नाही बरं का. १९९५ पूर्वीच्या संगणकांना रेडिओसारखी खटक्याची कळ असे. प्रणाली सगळे आवरून पडद्यावर पाटी लावी, की आता वीज बंद करायला हरकत नाही. आणि माणूस कळ दाबे. त्या वर्षी एटीएक्स नावाची नवी मांडणी आली. तिच्यात पुढचे बटण वीज तोडत नाही, ते संगणकाला फक्त खूण करते. वीज तोडण्याचा अधिकार संगणकाकडे आला. पुढच्या बटणाचा हा स्वभाव ध्यानात ठेवा, त्याचे काम शेवटी पडणार आहे.

बाहेर पडणे आणि संगणक बंद करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि दोन्हींची गरज आहे. एकाच यंत्रावर सकाळी एक शिक्षक आणि दुपारी दुसरे बसतात. पहिल्यांनी बाहेर पडले पाहिजे, म्हणजे त्यांचे कागद दुसऱ्यांच्या किंवा मुलांच्या हाती लागणार नाहीत. पण यंत्र बंद करण्याचे कारण नाही. हलक्या मांडणीत बाहेर पडणे म्हणजे खिडकी-कारभाऱ्याने काम सोडणे. तो उठला की बाजारच उठतो, सगळ्या चौकटी मिटतात, आणि नाव विचारणारी पाटी पुन्हा येते.

आता प्रत्यक्ष कृती. मी ओपनबॉक्स धरून सांगतो, कारण तो पुष्कळ ठिकाणी आढळतो. आज्ञा संगणकात रोमन अक्षरांतच लिहायच्या आहेत. येथे त्या उच्चाराने सांगतो, आणि जिथे घोटाळ्याचा संभव आहे तिथे एकेक अक्षर सुटे करतो. सगळी अक्षरे लहान लिपीतली घ्यावीत.

ओपनबॉक्सची यादी एका साध्या मजकुराच्या फाईलीत असते. तिचे नाव मेनू, पुढे टिंब, पुढे एक्सएमएल. ही फाईल आपल्या घरच्या कप्प्यात कॉन्फिग नावाच्या लपलेल्या कप्प्यात, त्यातल्या ओपनबॉक्स या कप्प्यात असते. कॉन्फिगच्या आधी टिंब असल्यामुळे तो कप्पा एरवी दिसत नाही. फाईली दाखवणाऱ्या बहुतेक कार्यक्रमांत कंट्रोल आणि एच या कळा एकदम दाबल्या की दिसतो. तिथे फाईल नसेल तर ती ईटीसी, एक्सडीजी, ओपनबॉक्स या सर्वांच्या सामाईक कप्प्यातून उचलून आपल्या कप्प्यात तिची प्रत ठेवावी. हात घालण्याआधी आणखी एक प्रत दुसऱ्या नावाने बाजूला ठेवावी. गणिताच्या वहीत आपण कच्चे काम वेगळे करतो, तेवढीच ही काळजी.

फाईल उघडल्यावर कोनी कंसांतले शब्द दिसतील. त्यांचा नियम एकच: जो कंस उघडला तो तिरपी रेघ घालून पुन्हा मिटवायचा, आणि जो शेवटी उघडला तो आधी मिटवायचा. वाड्याची दारे लावत बाहेर यावे तसे, आतले आधी, दिंडीदरवाजा शेवटी. यादीतल्या एका ओळीला आयटम म्हणतात आणि तिच्यावर दिसणारे नाव लेबल या शब्दापुढे अवतरणात लिहितात. आयटमच्या पोटात ॲक्शन, म्हणजे काय करायचे ते. बाहेर पडण्यासाठी ॲक्शनचे नाव एक्झिट. ही ओळ बहुधा आधीच असते. संगणक बंद करण्यासाठी ॲक्शनचे नाव एक्झिक्यूट, आणि तिच्या पोटात आणखी दोन गोष्टी: कमांड या कंसात आज्ञा, आणि प्रॉम्प्ट या कंसात आज्ञेपूर्वी विचारायचा प्रश्न.

आज्ञा अशी: सिस्टिमसीटीएल, म्हणजे एस, वाय, एस, टी, ई, एम, सी, टी, एल असे सलग; मग एक मोकळी जागा; मग पॉवरऑफ, म्हणजे पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, ओ, एफ, एफ. पुन्हा सुरू करण्यासाठी दुसऱ्या शब्दाच्या जागी रीबूट: आर, ई, बी, डबल ओ, टी. अशा दोन ओळी यादीच्या तळाशी घालाव्यात, फाईल जतन करावी, आणि टर्मिनल उघडून ओपनबॉक्स, मोकळी जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना लागूनच रीकॉन्फिगर, अशी आज्ञा द्यावी. नवी यादी तत्काळ दिसते. दिसली नाही तर कुठे तरी एखादा कंस मिटवायचा राहिला आहे असे समजावे आणि वरून खाली बोट ठेवून फाईल वाचावी.

त्या प्रॉम्प्टविषयी थोडे अधिक बोलायला हवे. पुष्कळ जण तो गाळतात, आणि माझ्या मते तीच या कामातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. मोठ्या प्रणालीत बंद करण्याआधी प्रत्येक कार्यक्रमाला विचारले जाते, की तुझे काही जतन करायचे आहे का. आणि तो कार्यक्रम तुम्हाला विचारतो. हलक्या मांडणीत असे विचारणारा कुणी नसतो. आज्ञा सुटली की सुटली. अर्धवट लिहिलेले पत्र तसेच जाते. शिवाय यादीत वरची ओळ दाबायला जावे आणि बोट खालच्या ओळीवर पडावे, हे लहान मुलांच्या बाबतीत रोजचेच आहे. म्हणून प्रश्न नुसता "नक्की का?" असा घालू नये. नक्की का म्हटले की माणूस होच म्हणतो. प्रश्न असा घालावा: "सगळ्या फाईली जतन केल्या का? संगणक बंद होईल." त्याला हो आणि नाही अशी दोन उत्तरे येतात, नाही म्हटले की काहीच घडत नाही.

हा प्रश्न आणि यादीतली नावे मराठीत लिहिता येतात. फाईल यूटीएफ-आठ या संकेतात जतन केली आणि देवनागरी टंक बसवलेला असला की पुरे. ओपनबॉक्सला जोडाक्षरे नीट मांडता येतात. लोहित देवनागरी हा टंक लिनक्सबरोबर सहज मिळतो. तेव्हा इंग्रजी शब्द तसेच ठेवण्याचे कारण उरत नाही. मात्र शब्द निवडताना जरा विचार करावा. नुसते "बंद करा" लिहिले तर मुलांना वाटते चौकट बंद होईल. "संगणक बंद करा" असे पूर्ण लिहावे, आणि दुसऱ्या ओळीवर "माझे काम संपले, बाहेर पडतो" असे लिहिले तरी चालेल. यादीत जागेची टंचाई नाही. कुणाला "संगणक वाढवा" असे लिहावेसे वाटले तर माझी हरकत नाही, पण नवा मुलगा त्याचा अर्थ अक्षरे मोठी करणे असा घेईल.

आता अधिकाराचा प्रश्न. लिनक्स ज्या यूनिक्स प्रणालीच्या वळणावर घडले, ती १९६९ सालापासून अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाली. त्या काळी एका यंत्राला अनेक जण एकाच वेळी जोडलेले असत. एकाने उठून यंत्र बंद केले तर बाकीच्यांचे काम बुडे. म्हणून बंद करण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकाला, म्हणजे रूट या खात्याला. तो नियम आजही मुळाशी आहे. हल्लीच्या लिनक्समध्ये त्याला समंजस मुरड घातलेली आहे: यंत्रासमोर प्रत्यक्ष बसलेला माणूस एकटाच असेल तर परवलीचा शब्द न विचारता बंद करू द्यायचे, दुसऱ्या कुणाचे काम त्याच यंत्रावर उघडे असेल तर व्यवस्थापकाचा शब्द मागायचा.

आणि इथे हलक्या मांडणीची एक खोड उघडी पडते. तो शब्द विचारणारी चौकट हीसुद्धा लवाजम्यातलीच. ती नसेल तर प्रश्न विचारलाच जात नाही, आज्ञा मुकाट्याने फसते, आणि तुम्ही ओळ दाबत बसता. सकाळी चालले आणि दुपारी का चालत नाही, असे कोडे पडले तर आधी हे पाहावे, की सकाळचे शिक्षक बाहेर न पडताच उठून गेलेत का. उपाय म्हणून एलएक्सपोलकिट हा लहानसा कार्यक्रम बसवून त्याचे नाव ओपनबॉक्सच्या कप्प्यातल्या ऑटोस्टार्ट या फाईलीत घालावे, ओळीच्या शेवटी ॲम्परसँड ही खूण द्यावी. मग चौकट येऊ लागते.

काही हलक्या लिनक्समध्ये सिस्टिमडी ही व्यवस्थाच नसते, अँटिएक्स हे त्यातले एक नाव. तिथे वर सांगितलेली आज्ञा चालत नाही. कुठे लॉगिनसीटीएल पॉवरऑफ अशी आज्ञा चालते, तर कुठे सुडो वापरून पॉवरऑफ द्यावे लागते, आणि त्यासाठी व्यवस्थापकाने व्हीआयसुडो या कार्यक्रमातून परवानगीची ओळ लिहून द्यावी लागते. ती ओळ लिहिताना फक्त बंद करण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची परवानगी बिनशब्द द्यावी. कंटाळून "सगळे काही बिनशब्द" अशी ओळ लिहिणारे लोक आहेत. कोठाराचे कुलूप उघडता येत नाही म्हणून भिंतच पाडावी, त्यातला हा प्रकार.

इतर कारभाऱ्यांचे थोडक्यात सांगतो. आइसडब्ल्यूएममध्ये प्रेफरन्सेस या फाईलीत शटडाउनकमांड आणि रीबूटकमांड अशा नावांच्या ओळी असतात; त्यांत आज्ञा भरली की बाहेर पडण्याच्या यादीत त्या सोयी येतात. फ्लक्सबॉक्सच्या मेनू फाईलीत चौकोनी कंसात एक्झेक, गोल कंसात नाव आणि महिरपी कंसात आज्ञा. जेडब्ल्यूएमची फाईल ओपनबॉक्ससारखीच कोनी कंसांची, पण कंसातले शब्द निराळे. तिथे प्रोग्राम या कंसात आज्ञा लिहितात.

जेडब्ल्यूएमवरून पपी लिनक्स आठवले. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती ठाऊक नसली तर महागात पडते. पेनड्राइव्हवरून चालवलेले पपी सगळे काही स्मृतीत घेऊन चालते, आणि प्रथमच वापरताना केलेले बदल जतन करायचे का हे ते बंद होताना विचारते. म्हणजे तिथे बंद करणे आणि जतन करणे ही जवळजवळ एकच क्रिया झाली. तिथे वायर ओढली तर तीस सेकंदांचे नव्हे, दिवसभराचे काम जाऊ शकते.

ओपनबॉक्सची शेवटची आवृत्ती, ३.६.१, २०१५ साली आली. मग हे शिकून उपयोग काय, असे कुणी विचारील. पडदा रंगवण्याची जुनी एक्स पद्धत मागे पडून आता वेलँड नावाची नवी पद्धत येत आहे हे खरेच. पण नव्या पद्धतीतला लॅबडब्ल्यूसी हा कारभारी ओपनबॉक्सच्याच वळणावर बांधलेला आहे आणि त्याची यादीची फाईलही बरीचशी तशीच असते. २०२४ पासून रास्पबेरी पाय या लहान संगणकाच्या प्रणालीने तोच घेतला आहे. जुने यंत्र तर जुनेच चालवणार; त्याला ओपनबॉक्स अजून पुरतो.

राहता राहिली लाईट. आपल्या भागात केळीच्या बागेला पाणी द्यायचे तर कालव्याची पाळी आणि लाईटची पाळी या दोन्ही सांभाळाव्या लागतात, हे अर्धापूरच्या बागायतदाराला मी सांगायला नको. संगणकालाही तेच. यूपीएस नावाची पेटी असेल तर लाईट गेल्यावर काही मिनिटे मिळतात. ती मिनिटे काम पुढे रेटण्यासाठी नसून संगणक वाढवण्यासाठी असतात. जुन्या बॅटरीवर ती मिनिटे किती उरली आहेत हे एकदा घड्याळ लावून पाहावे, पण फाईली मिटवून. पेटीला संगणकाशी जोडणारी तार असेल तर एनयूटी हा फुकट कार्यक्रम बॅटरी संपत आल्यावर संगणक आपण होऊन बंद करू शकतो.

आणखी एक. काही जण यादीत "झोपवा" अशीही ओळ घालतात, आज्ञा सिस्टिमसीटीएल सस्पेंड. झोपलेल्या संगणकाचा मजकूर स्मृतीतच असतो आणि ती जागी ठेवायला थोडी वीज सतत लागते. मांडीवरच्या संगणकाला बॅटरी असते, तिथे ठीक. टेबलावरच्या संगणकाला बॅटरी नाही. झोपेत असताना लाईट गेली की जागे व्हायला काही उरत नाही. शाळेच्या टेबलावरच्या यंत्रात ही ओळ घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि कधी माउस अडकला, यादीच उघडेना, तर? तेव्हा यंत्राचे पुढचे बटण एकदाच, हलके, टिचकी मारल्यासारखे दाबावे आणि हात काढून घ्यावा. हलक्या मांडणीत, सिस्टिमडी असलेल्या लिनक्सवर, या खुणेचा अर्थ रीतसर बंद कर असाच ठरवलेला असतो. वर सांगितलेली सगळी आवराआवर तो करतो. बोट तसेच चार-पाच सेकंद दाबून धरले तर मात्र यंत्र प्रणालीला न विचारता वीज तोडते, आणि मग वायर ओढण्यात व त्यात काही फरक राहत नाही. टिचकी मारून दीड-दोन मिनिटे वाट पाहावी. पंखा थांबला, दिवा गेला, की मग भिंतीवरचे बटण.